नेट जातं, पण नेमकं कुठून जातं?

कराडच्या एका कर सल्लागारांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: तळमजल्यावर ऑफिस, वर घर. फायबरचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन. ऑफिसात पाच संगणक, एक नेटवर्क प्रिंटर, चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) आणि वर घरासाठी दुसरा राउटर. गेले दोन महिने दिवसातून सहा-सात वेळा नेट जातं, कधी मिनिटभर, कधी दोन-तीन मिनिटं, आणि आपोआप परत येतं. राउटर बदलून झाला. प्लॅन १०० वरून २०० एमबीपीएसचा करून झाला. फरक शून्य. कंपनीचा माणूस येतो, स्पीड टेस्ट लावतो, १९० दाखवतो आणि ‘आमच्याकडून ओके आहे’ म्हणून निघून जातो. रिटर्न भरायची २० तारीख जवळ आली की पोटात गोळा येतो. आता पुढे काय बदलू?

माझं उत्तर आहे, आत्ता काहीच बदलू नका. गेली अठरा वर्षं मी सांगली-मिरज भागात दवाखाने, पतसंस्था, क्लासेस आणि छोट्या ऑफिसांची नेटवर्कं बघतोय. अशा तक्रारीत सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते अंदाजाने वस्तू बदलण्यात. तुम्ही दोन वस्तू बदलल्या आणि दोन्ही बहुधा चांगल्या होत्या. तुमचा खरा प्रश्न ‘नेट खराब आहे’ हा नाही. तुमच्या टेबलापासून पोर्टलपर्यंत सहा-सात जोड आहेत: संगणक, केबल किंवा वायफाय, स्विच (केबलींचे फाटे करणारी पेटी), राउटर, फायबरचा डबा (बाहेरून आलेली फायबर ज्यात खोचलेली असते तो), रस्त्यावरची लाइन, कंपनीचं यंत्र. यातला कोणता जोड सुटतोय हे तुम्हालाही माहीत नाही, कंपनीच्या माणसालाही नाही. तो जोड सापडला की दुरुस्ती बहुतेक वेळा अर्ध्या तासाची असते.

स्पीड टेस्टबद्दल आधीच बोलून घेतो, कारण तिने तुमचे दोन महिने खाल्लेत. नळाला पाणी किती जोरात येतं हे ती सांगते. पाणी दिवसातून किती वेळा जातं, हे नाही. दहा-पंधरा सेकंदांची चाचणी ज्या क्षणी लावली त्या क्षणी नेट चालू होतं, एवढंच त्यातून कळतं. प्लॅन वाढवून उपयोग झाला नाही, त्याचंही कारण हेच. पाइप मोठा केला, पण कॉक मधेच बंद होतोय.

हत्यारं काढायच्या आधी एक वही घ्या. नेट गेलं की वेळ लिहा, आलं की वेळ लिहा, आणि तीन गोष्टींची नोंद करा: सगळ्यांचं एकदम गेलं की एकदोघांचंच? किती वेळ गेलं? त्या वेळी डब्यावरचे लाइट कसे होते?

‘किती वेळ’ याला मी फार महत्त्व देतो. वायफाय सुटून पुन्हा जोडलं गेलं तर काही सेकंदांचा खेळ असतो. राउटरचं कंपनीशी असलेलं लॉगिन तुटून पुन्हा लागायला साधारण अर्धा मिनिट जातं. आणि डबा किंवा राउटर मुळापासून पुन्हा चालू होत असेल तर दीड ते तीन मिनिटं. हे आकडे डब्यागणिक बदलतात, म्हणून तुमचे तुम्हीच मोजा. संध्याकाळी काम संपल्यावर आधी फायबरचा डबा बंद करून चालू करा, घड्याळ लावून नेट किती वेळात येतं ते लिहा. मग राउटरचंही तसंच. डब्याला दोन मिनिटं दहा सेकंद लागत असतील, आणि वहीतही ‘दोन मिनिटं, दोन मिनिटं, सव्वादोन’ असंच दिसत असेल, तर तो डबा दिवसातून सहा वेळा बंद पडून उठतोय. मग लाइनला दोष देण्यात अर्थ नाही, विजेकडे बघायचं. तुम्ही लिहिलेलं ‘दोन-तीन मिनिटं आणि आपोआप’ वाचून माझ्या मनात पहिली शंका हीच आली.

हे मी ठेच खाऊन शिकलो. मिरजेतल्या एका छोट्या दवाखान्यात असंच नेट जायचं. मी राउटर बदलला, सगळे जॅक नव्याने क्रिम्प केले, स्विच बदलला. दोन दिवस गेले, पेशंटची रांग, डॉक्टर हैराण. तिसऱ्या दिवशी राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) ‘अपटाइम’ म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे, ते बघितलं. ४० मिनिटं. आणि राउटर तर मी आदल्या दिवशी बसवला होता! वर टाकीला फ्लोट लावलेली मोटर होती. पाणी खाली गेलं की मोटर सुरू व्हायची, सुरू होताना व्होल्टेज क्षणभर बसायचं. दिवे जेमतेम लुकलुकायचे, संगणकांना यूपीएस होता म्हणून ते टिकायचे, पण राउटर साध्या प्लगवर होता. राउटरसाठी मिनी यूपीएस लावला आणि तक्रार संपली. तेव्हापासून कुठेही गेलो की मी सगळ्यांत आधी अपटाइम बघतो. तुम्हीही आजच बघा, फायबरच्या डब्याचा आणि राउटरचा वेगवेगळा. तो दिवसांत मोजला जात असेल तर वीज निर्दोष सुटली. तासांत असेल तर तिथेच थांबा.

वीजच असेल तर दोन जागा तपासा. एक, ॲडॅप्टर. जुना झाला की तो मूळचा १२ व्होल्ट नीट देत नाही, आणि उन्हाळ्यात टीव्हीच्या कपाटात कोंडलेला असेल तर आणखी लवकर मान टाकतो. बदलताना व्होल्ट तंतोतंत तेवढेच घ्या, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची ध्रुवता तीच. दुसरी जागा इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर जाताना जो क्षण मधे जातो, तेवढ्यात काही डबे बंद पडतात. बऱ्याच इन्व्हर्टरला यूपीएस मोड असतो, तो हा क्षण कमी करतो.

अपटाइम ठीक असेल तर आता पिंग, म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकन लष्कराच्या एका प्रयोगशाळेत माइक म्यूस या माणसाने नेटवर्कमधली अशीच एक अडचण शोधण्यासाठी हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडी शोधायला सोडलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी येतो ना, त्यावरून त्याचं नाव. आजही कोणत्याही विंडोज संगणकात तो फुकट बसलेला आहे आणि माझं निम्मं काम तोच करतो.

ज्या संगणकावर करणार तो वायफायवर नको, केबलने थेट राउटरला जोडा. त्यावर कमांड प्रॉम्प्टच्या (विंडोजला टाइप करून हुकूम द्यायच्या) तीन खिडक्या उघडा. पहिलीत इंग्रजी अक्षरांत ‘पिंग’, मग राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१) आणि शेवटी ‘-टी’, म्हणजे ते थांबवेपर्यंत चालू राहतं. तिसरीत तेच, पण पत्ता ८.८.८.८, म्हणजे बाहेरचा गूगलचा सर्व्हर. मधल्या खिडकीसाठी आधी ‘ट्रेसर्ट ८.८.८.८’ चालवा. त्यात पहिला टप्पा तुमचा राउटर असतो, त्यानंतरचा पहिला परका पत्ता कंपनीच्या बाजूचा. तो पत्ता मधल्या खिडकीत टाका. काही कंपन्यांची यंत्रं पिंगला उत्तरच देत नाहीत, तसं असेल तर पुढचा टप्पा घ्या. ट्रेसर्टमध्ये मधेच चांदण्या दिसल्या म्हणून घाबरू नका. पुढचे टप्पे उत्तर देत असतील तर चांदण्या म्हणजे बिघाड नाही, ते यंत्र फक्त या प्रश्नाला बोलत नाही. विंडोजचं पिंग प्रत्येक ओळीला घड्याळाची वेळ छापत नाही, म्हणून वही हवीच.

हे दिवसभर चालू ठेवा. नेट गेलं की धावत जाऊन तीन खिडक्या बघा. चार शक्यता आहेत, त्यांतल्या दोनच तुमच्या बाबतीत दाट वाटतात, त्यांवर मी जास्त बोलतो.

पहिली खिडकीच थांबली, म्हणजे राउटरच उत्तर देत नाही. मग कंपनीचा काही संबंध नाही, दोष तुमच्या भिंतींच्या आत आहे. इथे मला तुमचा वरच्या मजल्यावरचा राउटर खुपतो. तो कसा जोडलाय हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. खालून गेलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत) खोचलेली असेल आणि सेटिंग कोणी हात न लावता तशीच सोडली असतील, तर एकाच घरात पत्ते वाटणारे दोघे झाले. संगणक चालू होताना ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारतो, जो राउटर आधी उत्तर देईल त्याचा पत्ता घेतो. वरच्याने दिला तर बाहेर जाण्याचा रस्ताही वरच्याचाच मिळतो, आणि त्या रस्त्याला पुढे काहीच नाही. म्हणून सकाळी तीन संगणक चालतात, दोन नाही, दुपारी त्याचं उलट होतं.

त्याहून वाईट म्हणजे दोन्ही राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असणं. नवे राउटर बरेचदा असेच येतात. एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर, पोस्टमन कधी इकडे पत्र टाकतो, कधी तिकडे. मग पहिली खिडकी थांबतही नाही, पिंग चालूच दिसतं, कारण कोणीतरी एक उत्तर देतोच! हे पकडायला नेट चालू असताना ‘एआरपी -ए’ चालवा, राउटरच्या पत्त्यासमोर बारा अक्षर-आकड्यांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा क्रमांक दिसेल, तो लिहून ठेवा. नेट गेल्यावर पुन्हा चालवा. तो बदलला असेल तर चोर सापडला.

उपाय साधा आहे. वरच्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (ज्यात तो फक्त वायफाय पुरवतो, पत्ते वाटत नाही) असेल तर तो लावा. नसेल तर त्याला १९२.१६८.१.२ असा वेगळा पत्ता द्या, त्यातलं डीएचसीपी म्हणजे पत्तेवाटप बंद करा आणि खालची केबल त्याच्या लॅन पोर्टमध्येच ठेवा. वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरच्या नेटची खाच, रिकामा. मग वरून खालच्या प्रिंटरवर छापताही येईल.

डीव्हीआर आणि प्रिंटरचंही असंच. कॅमेरे बसवणारा माणूस डीव्हीआरला हाताने एक पत्ता देऊन जातो, राउटरला ते माहीत नसतं, आणि एखाद्या दिवशी तो तोच पत्ता तुमच्या संगणकाला देतो. मी सगळीकडे एकच पद्धत ठेवतो: राउटरने शेवटचा आकडा १०० ते २०० मधला असलेलेच पत्ते वाटायचे, आणि प्रिंटर-डीव्हीआर-राउटर यांना १०० च्या खालचे पक्के पत्ते. ते एका कागदावर लिहून राउटरच्या मागे चिकटवायचे. पुढच्या माणसाचा तास वाचतो.

पहिली खिडकी थांबण्याचं आणखी एक कारण केबल. स्वस्त केबलमध्ये तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. टोक ब्लेडने खरवडलं की आत पांढरी दिसते. वाकवल्यावर ती तुटते आणि जॅकमध्ये सैल पडते. जिन्यातून वर गेलेली केबल तशी असेल, किंवा लाइटच्या वायरच्या पट्टीतच कोंबलेली असेल, तर बदलाच. एक सोपी खूण: एखाद्या संगणकावर स्पीड टेस्ट नेहमी ९४-९५ वर अडकत असेल आणि त्याचा पोर्ट गिगाबिटचा (१००० एमबीपीएसचा) असेल, तर त्या केबलच्या चारपैकी एखादी जोडी जुळत नाहीये.

आता दुसरी दाट शक्यता. पहिली खिडकी चालू, मधली आणि तिसरी दोन्ही बंद, आणि अपटाइम दिवसांत. मग दोष डब्याच्या पलीकडे, फायबरमध्ये किंवा कंपनीकडे. त्या वेळी ‘एलओएस’चा लाल दिवा लुकलुकला तर प्रकाशच येत नाहीये. दिवा लागला नाही तरी डब्याच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते, ती बघा. आकडा उणे असतो. उणे १५ ते उणे २४ असेल तर निवांत राहा. उणे २७ म्हणजे काठावर. हे मोजमाप फसवं आहे: ३ ने घसरलं की प्रकाश निम्मा झाला. उणे २१ चा उणे २७ झाला तर चतुर्थांश उरला. काठावरचं कनेक्शन सकाळी थंडीत चालतं, दुपारी उन्हात सुटतं, पाऊस पडला की जॉइंटच्या डब्यात ओल शिरून सुटतं, आणि माणूस आला की नेमकं चालू असतं. म्हणून दिवसातून चार वेळा आकडा लिहा.

यातलं तुम्ही काय करू शकता? फायबर कपाटाच्या मागे दाबलेली किंवा कोपऱ्यात कडक वळलेली असेल तर मोकळी करा, वळण हाताच्या मुठीएवढं तरी गोल असू द्या. डब्यात जाणारा कनेक्टर हिरवा असेल तर समोरचाही हिरवाच हवा. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ, त्यामुळे हिरव्यात निळा खोचला तर प्रकाश वाया जातो. एवढंच. कनेक्टर काढून शर्टाच्या टोकाने पुसू नका, आणि टोकात डोळा लावून बघू नका. आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. खांबावरचं काम त्यांचं. उंदराने कुरतडलेली, मांडव घालताना ओढली गेलेली, उसाच्या उंच ट्रॉलीला अडकलेली वायर मी पाहिली आहे, ती जोडायला स्प्लायसिंगचं यंत्रच लागतं.

मात्र तक्रार करताना ‘नेट जातं’ म्हणू नका. ‘मंगळवारी ११.४०, १.१५ आणि ३.२० ला गेलं, राउटर उत्तर देत होता, पुढचा टप्पा देत नव्हता, पॉवर सकाळी उणे २४ आणि दुपारी उणे २७ होता, पॉवर मीटर घेऊन या’ असं सांगा. मग स्पीड टेस्ट दाखवून कोणी जात नाही. प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक घ्या. तोंडी ‘बघतो’ला काही किंमत नाही. क्रमांक असेल आणि काम झालं नाही, तर कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येतं.

तिसरी शक्यता, तिन्ही खिडक्या चालू, पण ५ मिलिसेकंदांचं उत्तर एकदम ६००-८०० वर जातं. म्हणजे नेट गेलेलं नाही, रस्ता तुंबलाय, आणि बहुतेक वेळा जाणारा रस्ता. कोणाचा तरी मोबाइल घरी येताच हजार फोटो वर चढवतो, किंवा कोणी बाहेरून कॅमेरे बघत असतो. राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला किती वेग ते ठरवायची सोय) असेल तर अपलोडला मर्यादा घाला, नसेल तर बॅकअप रात्रीवर टाका. चौथी, तिन्ही चालू आणि नावाने साइट उघडत नाहीत. तेव्हा राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकून बघा. फक्त एकच पोर्टल उघडत नसेल, आणि तेही शेवटच्या तारखेला, तर गर्दी तिकडची आहे, तुमच्या वायरींना हात लावू नका.

वायफायबद्दल मुद्दाम शेवटी लिहितोय, कारण पाचही संगणक टेबलावर पक्के बसलेले असतील तर त्यांना वायफाय नकोच. केबल टाका. लॅपटॉप आणि मोबाइलसाठी ५ गिगाहर्ट्झ चांगलं, पण ते स्लॅबमधून नीट जात नाही, म्हणून वरचा राउटर हवाच. २.४ वर राहायचं असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एकच निवडा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत.

तर क्रम असा ठेवा. आज दोन्ही डब्यांचा अपटाइम बघा. उद्या आणि परवा वरचा राउटर पूर्ण बंद ठेवा, घरच्यांना दोन दिवस मोबाइल डेटावर राहायला सांगा, आणि खाली वही व पिंग चालू ठेवा. त्या दोन दिवसांत नेट एकदाही गेलं नाही तर वरचा राउटर वर सांगितल्याप्रमाणे जोडा, बाकी कशालाही हात लावू नका. गेलं, तर मला चार गोष्टी कळवा: गेल्या-आल्याच्या वेळा, कोणती खिडकी थांबली, अपटाइम, आणि ऑप्टिकल पॉवरचे आकडे. आणि हे सगळं २० तारखेच्या आत झालं नाही, तर त्या दिवशी रिटर्न भरायच्या संगणकाला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून ठेवा. सिम मात्र दुसऱ्या कंपनीचं घ्या. फायबर तुटलं तर कधीकधी त्याच कंपनीचा जवळचा टॉवरही त्याच वायरवर असतो.